पोलादी डब्यांतलं ॲसिड

१

बॅटरीच्या खोलीचं दार उघडलं तसा साधना तौरने नाकाला रुमाल लावला. वास दोन होते. एक आंबट, घशाला ओरबाडणारा. तो या खोलीतलाच. दुसरा शेजारच्या पॅनल रूममधून भिंतीवरून येत होता: जळलेल्या वायरींचा, करपलेल्या रंगाचा, आणि आणखी कशाचा तरी. तो कशाचा हे इथे सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणी नव्हतं.

जालना एमआयडीसीतली ही शिवनारायणशेठांची लोखंडी सळ्या लाटणारी री-रोलिंग मिल. मंगळवारी भर दुपारी इथे एक केबल फाटली. अशा वेळी ब्रेकर पापणी लवायच्या आत खाली पडतो आणि वीज तोडतो. त्याला खाली ओढायची ताकद येते ती या खोलीतल्या बॅटरीकडून. मंगळवारी ती आलीच नाही. पॅनलमध्ये पांढरा जाळ उठला आणि पॅनलसमोर उभा असलेला इलेक्ट्रिशियन अंगद होरपळला. दवाखान्यात पोचेपर्यंत तो राहिला नाही.

चूक कुणाची हे ठरवायला विमा कंपनीने साधनाला पाठवलं होतं. पंधराएक वर्षं ती सर्व्हेअरचं काम करत होती. जळलेले कारखाने तिने पुष्कळ पाहिले होते. वासाची तिला सवय होती, निदान तिला तसं वाटत होतं.

"हे बघा मॅडम." मिलचा इलेक्ट्रिकल सुपरवायझर भागवत पुढे झाला. चाळिशीतला, स्वच्छ बोलणारा माणूस. डोळे सुजलेले. अंगद त्याचा चुलतभाऊ, त्यानेच त्याला मिलमध्ये चिकटवलेला. परवा तिरडीला पुढून खांदा त्याचाच होता.

कोपऱ्यात ॲसिडचा प्लास्टिकचा कॅन होता. कॅनच्या मुठीला एक रुमाल गुंडाळलेला.

"अंगदचाच रुमाल," भागवत म्हणाला. "ही बॅटरी निकेलची आहे. हिच्यात पोटॅशचं पाणी असतं. त्यात कधी ॲसिड घालायचं नसतं. त्यानं घातलं. ट्रकच्या बॅटऱ्यांवर हात बसलेला, इथंही तेच केलं. बॅटरी मेली, आन् तिच्यापायी तो मेला. माझा भाऊ आहे मॅडम, पण खोटं कसं बोलू?"

त्याचा आवाज फाटला. साधनाने मान दुसरीकडे वळवली. कुणी रडताना त्याच्याकडे टक लावून पाहणं तिला जमत नसे.

खोलीत मांडणीवर पोलादी डबे रांगांनी उभे होते, एकमेकांना पट्ट्यांनी जोडलेले. पुढच्या रांगेतल्या डब्यांच्या झाकणांभोवती हिरवट पाणी साचलं होतं. मागच्या रांगांवर जुना पांढरा खार चुन्यासारखा धरलेला.

"ही सगळी घाण आजच उचलून नेतो मी," भागवत म्हणाला. "टेम्पो सांगून ठेवलाय. विषारी माल आहे, इथं ठेवणं बरं न्हाई."

"नको," साधना म्हणाली. "माझं होईपर्यंत एकही डबा हलवायचा नाही."

भागवतने लगेच मान डोलावली. पण दाराला कुलूप लावून किल्ली त्याने आपल्याच खिशात टाकली.

२

भागवतच्या केबिनमध्ये चहा आला. साधनाने कप तसाच ठेवला. जिभेवर तो आंबटपणा अजून होता.

"मला ही बॅटरी नीट समजावून सांगा," ती म्हणाली. तिला बरंचसं ठाऊक होतं. पण माणूस आपल्या कामाबद्दल बोलायला लागला की मोकळा होतो, हा तिचा अनुभव होता.

भागवत मोकळा झाला. त्याला शिकवायची हौस दिसत होती.

"बॅटरी म्हणलं की लोकांपुढं ट्रकची शिशाची बॅटरी येते. ही वेगळी जात. एका पट्टीत निकेल, दुसऱ्या पट्टीत कॅडमियम, आन् मधे पोटॅशचं पाणी. करंट द्यायला लागली की कॅडमियम गंजल्यासारखं होतं, आन् निकेल आपल्याजवळचा ऑक्सिजन सोडतं. चार्जिंगला लावली की सगळं उलटं फिरून जागच्या जागी. असं हजारदा होऊ द्या, तिला काही न्हाई. ऊन सोसते, महिनोन्‌महिने नुसती उभी राह्यली तरी चालते, वीस-वीस वर्षं टिकते. म्हणून तर रेल्वेच्या डब्यांत हीच, विमानात हीच, वीज केंद्रात हीच. घरातल्या कॉर्डलेस फोनमधी, दाढीच्या मशीनमधी असते ना, ती हिचीच धाकटी बहीण. आता तर कॅडमियम काढून दुसरा धातू घालतात. कॅडमियम विष आहे. एकदा अंगात गेलं की मूत्रपिंडं खातं, हाडं ठिसूळ करतं."

"आणि पोटॅशचं काय होतं?"

"काहीच होत न्हाई. ते नुसतं हमाल. इकडचं तिकडं नेतं, आपण खर्च होत न्हाई. शिशाच्या बॅटरीत ॲसिड प्लेटात शिरतं, पातळ होतं. म्हणून तिथं काचेची नळी बुडवून ग्रॅव्हिटी, म्हणजे ॲसिडचा दाटपणा, बघितली की चार्जिंग कळतं. इथं नळी बुडवा न्हाईतर न बुडवा. बॅटरी भरलेली असो का उतरलेली, आकडा तोच. हे मी नव्या पोरांना पहिल्या दिवशी सांगतो."

बोलता बोलता तो कोपरापासून मनगटापर्यंत कराकरा खाजवत होता. बाही वर सरकली. कातडी लाल, चिरलेली, जागोजाग पाणी सुटलेलं. साधनाची नजर तिथे गेली तशी त्याने बाही खाली ओढली.

"गाजरगवत मॅडम. शेतात पाय ठेवला की उठतं."

"अंगदने ॲसिड घातलं कधी?"

"मागच्या महिन्यात. पाणी भरायचं काम त्याच्याकडंच होतं."

"महिनाभर बॅटरी मेलेली होती आणि कुणाला कळलं नाही?"

"मीटर बराबर दाखवत होता ना," भागवत म्हणाला.

साधना बाहेर आली तेव्हा मिल बंदच होती. थंड पडलेल्या रोलरांपाशी क्रेनवर काम करणारा धम्मपाल उभा होता. त्याने आधी केबिनकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"मॅडम, अंगद गडबडीचा माणूस नव्हता. तो नळ बंद केला की दोनदा बघायचा." तो अडखळला. "तुम्ही त्याच्या घरी जा. त्याच्या बायकोला, तुळजाबाईला इचारा, मरायच्या आदी तो काय बोलला म्हणून."

"तू सांग ना."

"मला इथंच काम करायचंय," धम्मपाल म्हणाला आणि निघून गेला.

३

शिवनारायणशेठ सत्तरीला आलेले. घराणं राजस्थानातलं, पण त्यांच्या आजोबांचा जन्मही जालन्याचा. शेजारी त्यांचा मुलगा नमन बसला होता. खरेदी आणि स्टोअर तो बघायचा. साधनाने ॲसिडच्या कॅनबद्दल विचारलं तसा तो फोन चाळायला लागला.

"कॅन आपल्या स्टोअरचा आहे. फोर्कलिफ्टच्या बॅटरीसाठी आणतो. कोणी उचलला, आपल्याला काय माहीत?"

"बॅटरीची वर्षातून एकदा चाचणी व्हायला हवी. चार्जर बंद करून सगळा भार काही तास तिच्यावर टाकायचा. ती शेवटची कधी झाली?"

नमनने फोन उलटा ठेवला.

"नमन," शेठ म्हणाले. "मॅडम काही पूछ रहे हैं. बोल."

"यंदा केली नाही," नमन म्हणाला. "बाहेरून माणसं बोलवायची, मिल दिवसभर बंद ठेवायची. बेकार खर्चा वाटला. आणि भागवतनं दाखवलं होतं ना मला. काचेची नळी डब्यात बुडवली, आतला काटा एकदम वर. म्हणला, बघा भैय्या, बिलकुल फुल चार्ज. चाचणीची काही गरज नाही."

साधनाची लेखणी थांबली.

"नळी बुडवून फुल चार्ज दाखवला? भागवतने?"

"हो. एकदा नाही, दोन-तीनदा."

ज्या माणसाने तासाभरापूर्वी तिला सांगितलं होतं की इथे नळी बुडवून काहीच कळत नाही, त्यानेच नळी बुडवून मालकाला फसवलं होतं. अडाण्याने केलं असतं तर चूक म्हणता आली असती. पण हा माणूस नव्या पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवत होता.

तिने आवाज सपाट ठेवला. "मंगळवारी अंगदला दवाखान्यात नेताना कोण कोण गेलं?"

"सगळेच," शेठ म्हणाले. "मी, नमन, धम्मपाल, सगळे पोरं. गेटवर तर चौकीदार पण राहिला नाही, तोच गाडी दाखवायला पळाला. भागवत तेवढा मागे थांबला. बोलला, मिल पूरी बंद करून येतो. घंट्याभरानं आला तो." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मॅडम, वीस साल चालेल अशी बॅटरी पाहिजे म्हणून महागातली मीच घेतली होती. ती अशी धोका देईल, मला पटत नाही."

"बॅटरीने दिलेला नाही," साधना म्हणाली.

शेठ पुढे काही विचारणार तोच चौकीदार धावत आला. बॅटरीच्या खोलीच्या उंबऱ्याखालून हिरवं पाणी वाहत बाहेर येत होतं.

४

भागवत एव्हाना गावाकडे निघून गेला होता. भावाच्या राखेचं बघायचं आहे म्हणाला. शेठांनी ऑफिसातली दुसरी किल्ली आणून स्वतः कुलूप उघडलं.

पुढच्या रांगेतल्या एका डब्याचा तळ गेला होता. दुसऱ्याच्या पोटावर थेंब धरायला लागले होते. फरशीवरचं हिरवं पाणी बुटाच्या तळव्याला चिकटत होतं. वास असा, की नमन दारातूनच मागे फिरला.

"आत येऊ नका," साधना म्हणाली. तिने हातमोजे चढवले. "शेठ, भागवत म्हणतो की अंगदने हे ॲसिड महिन्यापूर्वी घातलं. डबे पोलादाचे आहेत. पोटॅशने पोलादाला काही होत नाही, म्हणून तर ते पोलादाचे करतात. पण ॲसिड पोलाद खातं. महिन्यापूर्वी घातलं असतं तर हे डबे कधीच चाळणीसारखे झाले असते. ते गळायला लागलेत आज. म्हणजे ॲसिड दोन-चार दिवसांपूर्वीचं, मिल रिकामी होती तेव्हाचं."

"तेव्हा अंगद..." शेठ बोलायचे थांबले.

"अंगद दवाखान्याच्या वाटेवर होता."

शेठ दाराच्या चौकटीला हात लावून उभे राहिले.

साधनाला आणखी एक गोष्ट सकाळपासून खुपत होती. ॲसिड फक्त पुढच्या रांगेत का? पाणी भरताना चूक झाली असती तर माणूस ओळीने सगळे डबे भरत गेला असता. मागच्या रांगांवरचा जुना पांढरा खार तसाच होता. पोटॅशच्या त्या खारावर ॲसिडचा थेंब जरी पडला असता तरी तो फसफसून उडाला असता. मागे कुणी कॅन नेलाच नव्हता. पुढची रांग सगळ्यांना दिसते. मागची कुणाला दिसत नाही.

तिने मागच्या रांगेतल्या एका डब्याला हात लावून रेटलं. निकेल-कॅडमियमचा असा डबा दोन हातांनी उचलतानाही कंबर भरते. हा एका हाताने डुगडुगला.

धम्मपाल पान्हा घेऊन आला. डब्याचं झाकण निघालं. साधनाने टॉर्च आत धरली आणि बराच वेळ वाकून पाहत राहिली.

"काय आहे मॅडम?" शेठांनी विचारलं.

"पाणी. नुसतं नळाचं पाणी. निकेल-कॅडमियमच्या पट्ट्या नाहीतच आत."

त्यांनी दुसरा डबा उघडला, मग तिसरा. मागच्या रांगा सगळ्या पोकळ होत्या. वरची टोकं तेवढी झाकणात बसवलेली, आणि भिंतीच्या बाजूने एक वायर गुपचूप फिरवून चार्जर थेट पॅनलला जोडलेला.

"पण मीटर तर दररोज बराबर होता!" नमन दारातून ओरडला.

"मीटर चार्जर दाखवत होता. वीज आहे तोवर सगळं काम चार्जरच करतो. मागे बॅटरी आहे की रिकामे डबे, हे वीज कोसळल्याशिवाय कळत नाही. मंगळवारी केबल फाटताच ती कोसळली आणि चार्जरही गेला. आणि ते तपासायची एकच वाट होती, ती चाचणी."

नमनचा चेहरा उतरला. तो बाहेर जाऊन पायरीवर बसला.

"भागवतला फोन करू नका," साधना शेठांना म्हणाली. "या पट्ट्या कुठे गेल्या ते आधी बघू. मी अंगदच्या घरी पुढे होते, तुम्ही धम्मपालला घेऊन मागोमाग या."

५

अंबडच्या पुढे, अंतरवाली सराटीचा फाटा मागे टाकून गाडी अंगदच्या गावात शिरली. दोन्ही बाजूंना कापूस, सोयाबीन. तुळजाबाई भिंतीला टेकून बसली होती. तिशीची असेल. रडून झालेलं, आता नुसती बघत होती. साधना तिच्याजवळ जमिनीवर बसली.

"मी मिलकडून नाही आले. त्याने ॲसिड घातलं असं म्हणतात. त्याने ते घातलेलं नाही, हे मला कळलंय. पण तो काय बोलला होता, ते मला तुमच्याकडून ऐकायचंय."

तुळजाबाईने तिच्याकडे निरखून पाहिलं.

"उन्हाळ्यापासून भागवतदादांनी त्याला बॅटरीच्या कामावरून काढून फोर्कलिफ्टवर घातल्तं. किल्ली सोताकडंच ठेवली. मागच्या हप्त्यात दादा सुट्टीवर गेल्ते तर हापिसातली दुसरी किल्ली घेऊन पाणी भरायला हा गेला. घरी आला तर जेवायला तयार न्हाई. मला म्हन्ला, तुळजे, बॅटरीच्या खोलीत बॅटरीच न्हाई. मी हासले. मला वाटलं गंमत करून राह्यला."

"मग कुणाला सांगितलं त्याने?"

"दादांनाच. दुसऱ्या कुनाला सांगनार? ते म्हन्ले, शेठ बाहेरगावी हायेत, येऊ दे त्यान्ला, मी सोता बोलतो. तोवर तोंड उघडू नको, चोरीचा आळ तुझ्यावरच येईल."

साधनाने दिवस जुळवले. शेठ सोमवारीच परत आले होते. मंगळवारी मिल नेहमीसारखी चालू होती, आणि पॅनलवरच्या कामाला अंगदच.

"तुळजाबाई, या उन्हाळ्यात भागवतच्या शेतात काही वेगळं चाललं होतं का?"

"इहिरीवर शेड मारलंय त्यांनी. कुनाला जाऊ देत न्हाईत. पन पावसाळ्यापासून इहिरीखालच्या वढ्याचं पानी हिरवं यायलंय. आमच्या शेळ्या पेल्या अन् मेल्या. सगुनामावशीच्या बी मेल्या. शेवाळ असंल म्हन्ले लोक."

"शेड दाखवता?"

ती पदर खोचून उठली.

शेड बंधाऱ्यापलीकडे होतं. पत्र्याच्या दाराला कुलूप, पण मागची बाजू उघडी. आत निळे ड्रम, त्यांच्या काठांवर हिरव्या खड्यांची साय. जमिनीवर सोललेल्या जाळीदार पोलादी पट्ट्यांचा ढीग. आणि विहीर. तिच्या कडेवरून आत करडा-तपकिरी चिखल ओतलेला, वर साबणासारखा तवंग. तवंगात पोट फुगलेली घूस तरंगत होती. माशा बसत होत्या आणि बसल्या जागी लडबडत होत्या. आंबट, कुजका, धातूचा वास जिभेवर येऊन बसला. साधना काठावरून मागे सरली आणि तिने फोनवर विहिरीचे फोटो काढले.

ॲसिडमध्ये विरघळलेलं निकेल हिरवं असतं. निकेलला भाव आहे, ते त्याने विकलं. कॅडमियमला गिऱ्हाईक नाही, तेव्हा ते विहिरीत. विहिरीतून झिरपून ओढ्यात, ओढ्यातून शेळ्यांत. आणि गावच्या हंड्यांत.

"कोन हाय तिकडं?" मागून आवाज आला.

भागवत होता.

६

साधनाला पाहून तो थांबला. मग तुळजाबाईकडे वळून हळुवारपणे म्हणाला, "तुळजा, तू घरी जा. सुतकात असं फिरू नये."

तुळजाबाई हलली नाही.

बंधाऱ्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला. गावात विचारत मागोमाग आलेले शेठ आणि धम्मपाल उतरून चालत येत होते. साधनाने तेवढा वेळ घेतला. मग बोलायला लागली, घाई न करता.

"भागवत, तुम्ही मला सांगितलंत, निकेलच्या बॅटरीत नळी बुडवून चार्ज कळत नाही. नमनला मात्र नळी बुडवूनच चार्ज दाखवलात, कारण चाचणी झाली असती तर रिकामे डबे उघडे पडले असते. अंगदला उन्हाळ्यात तिथून हलवलंत, कारण पाणी भरणाऱ्याला ते पहिल्यांदा कळलं असतं. मंगळवारी सगळे त्याला घेऊन धावले, तुम्ही मागे थांबलात. स्टोअरमधून कॅन आणलात, पुढच्या रांगेत ॲसिड ओतलंत, त्याचा रुमाल मुठीला बांधलात. बॅटरी नासली म्हणून सगळे डबे टेम्पोत घालून न्यायचे होते, कुणी उघडून बघायच्या आत. पण पोलाद तुमच्या सांगण्याप्रमाणे महिनाभर थांबलं नाही. ते आज गळलं."

"हे सगळं तुमचं डोकं आहे," भागवत म्हणाला.

"हे ड्रम माझं डोकं आहेत?" तिने त्याच्या हाताकडे बोट केलं. "गाजरगवताने खाज येते हे खरं. पण निकेलच्या पाण्यात रोज हात घालणाऱ्यालाही अशीच येते. दवाखान्यात चाचणी करू. चालेल?"

भागवतने हात पाठीमागे नेले. शेठ येऊन उभे राहिले होते. विहिरीकडे एकदा पाहून त्यांनी धोतराचा सोगा तोंडावर धरला.

"भागवत, बोल. खोटं आहे का हे?"

भागवत विहिरीच्या काठावर बसला. बोलला तेव्हा आवाजात रडं नव्हतं. सकाळचं ते सगळं कुठे गेलं होतं कुणास ठाऊक.

"मी नवी बसवणारच होतो शेठ. घराचं काम झालं की बसवणार होतो. वर्षानुवर्षं ती बॅटरी नुसती उभी राहते, एकदाबी लागली न्हाई. आताच केबल फाटंल हे मला काय माहीत?"

"अंगदने सांगितल्यावर तरी तुला माहीत होतं," साधना म्हणाली. "मिल बंद करायला एक शब्द पुरला असता. तू त्याला त्याच पॅनलवर पाठवलंस. आणि मेल्यावर चूकही त्याच्याच माथी मारायला निघालास."

भागवतने खांदे उडवले. जणू एखादी साधी गोष्ट समजत नसलेल्या पोराला तो समजावत होता.

"तो तर गेलाच होता मॅडम. मेलेल्या माणसाला नाव गेलं काय आन् राह्यलं काय? मला पोरंबाळं हायेत."

धम्मपाल त्याच्या अंगावर धावला. शेठांनीच त्याला दंडाला धरून मागे ओढलं. "हात नको लावू त्याला," ते म्हणाले. "हात खराब होतील." मग त्यांनी फोन काढला आणि पोलीस ठाण्याला लावला. बोलताना त्यांनी नमनने चाचणी टाळल्याचंही सांगितलं, आपल्या मुलाचं नाव घेऊन. फोन ठेवून ते साधनाला म्हणाले, "तुमच्या कागदावर पण लिहा ते. आमचीही चूक आहे. कोणी सांगितलं तरी ते काढू नका."

साधनाने मान हलवली. तरी तिला हलकं वाटलं नाही. समोर तो माणूस विहिरीच्या काठावर बसून पुन्हा हात खाजवत होता. त्या खाजेचा कराकरा आवाज तिला सहन होईना.

७

पोलीस भागवतला घेऊन गेले. ओढ्याचं पाणी कुणी प्यायचं नाही, जनावरांनाही पाजायचं नाही, असं धम्मपाल गावात घरोघर सांगत फिरत होता. साधना तुळजाबाईला घरी सोडायला आली.

दारात तुळजाबाई थबकली.

"एक इचारू मॅडम? त्याला माहीत होतं बॅटरी न्हाई म्हणून. मंग त्या दिशी पॅनलवर गेलाच कामून?"

साधनाला उत्तर ठाऊक होतं. दुसरं काही सांगता आलं असतं तर तिने सांगितलं असतं.

"भागवत शेठांशी बोललाय आणि काही सोय झालीय असं त्याला वाटलं असणार. शेठ आदल्या दिवशीच आले होते. भावाने शब्द दिला होता, म्हणून गेला."

तुळजाबाईने ऐकलं. मग ती घरात पाहायला लागली. चुलीजवळ पितळी डबा होता, वर फडक्यात बांधलेल्या भाकरी.

"भागवतच्या घरचं हाय हे," ती म्हणाली. "आमच्या घरी चूल न्हाई पेटवायची म्हणून रोज त्याच्या घरून येतंय. पैल्या दिशी तो सोता घेऊन आल्ता. मी खात नव्हते तर मयतानंतरचा पहिला कडू घास त्यानं आपल्या हातानं माझ्या तोंडात घातला. म्हन्ला, तुळजा, खावंच लागतं. अन् मी खाल्ला."

पुढच्या क्षणी ती मोरीकडे धावली आणि वाकून ओकायला लागली. पोटात काही उरलं नाही तरी थांबेना. साधना तिच्यामागे उभी राहून तिची पाठ चोळत राहिली.

बऱ्याच वेळाने तुळजाबाई सरळ झाली. रांजणातलं पाणी घ्यायला तिने तांब्या बुडवला, आणि तो तसाच परत ठेवला. साधनाने गाडीतून बाटली आणून दिली. तिने चूळ भरली, तोंड धुतलं, पुन्हा चूळ भरली. मग तिने तो पितळी डबा फडक्यासकट उचलला आणि रस्त्याच्या पलीकडे उकिरड्यावर नेऊन उपडा केला. कुत्री धावली तशी दगड मारून तिने त्यांना हाकललं, आणि वरून पायाने माती लोटली.

ती परत आली तेव्हा शेजारच्या बायका दारात गोळा झाल्या होत्या. सगुणामावशी पुढे होऊन म्हणाली, "अगं, सुतकात कुठं निघालीस?"

"ठाण्यात," तुळजाबाई म्हणाली. "तो काय बोल्ला ते मलाच ठावं हाय. दुसऱ्या कुनाला सांगायचं म्हन्लं तरी सांगता येनार न्हाई."

तिने दार नुसतंच ओढून घेतलं आणि साधनाच्या गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसली.

"चला मॅडम," ती म्हणाली. "जल्दी चला."